लिफ्टवाल्याची घरगाडी

त्याला सगळे ‘पुन्हा-बघतो’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तोंडावर म्हटलं असतं तरी त्याला राग आला नसता, कारण ते खरंच होतं. एखाद्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून झाली, हत्यारं पेटीत गेली, कागदावर सही झाली, की हा दारापर्यंत जायचा, थबकायचा आणि म्हणायचा, “थांबा, पुन्हा एकदा बघतो.” बावीस वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्याच्या हातून गेलेल्या लिफ्टनं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. जोडीदार चेष्टा करत, “ह्याच्या लिफ्टला दोन ब्रेक असतात. एक कंपनीचा आणि एक ह्याच्या काळजाचा.”

कामावर ही भीती गुण ठरली होती. घरी मात्र तिनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांना आणखी तार. दाराला तीन कड्या. बायको बालवाडीत शिकवायची. रोज अठ्ठावीस पोरं अंगाखांद्यावर खेळवून आलेल्या त्या बाईला कशाचंच भय वाटत नसे. ती म्हणायची, “तुझं चाललं तर पोरांना कापसात गुंडाळून कपाटात ठेवशील.” तो हसायचा आणि कपाट भिंतीला नीट ठोकलंय ना, ते बघून यायचा.

पोरं दोन. मोठी सात वर्षांची. धाकटा अडीच वर्षांचा. तो दिवसभर तोंडानं गूं गूं करत घरभर फिरे, म्हणून त्याचं नाव भुंगा पडलं होतं. चौघं मिळून कुठे फिरायला गेली आहेत, असं कधी झालं नव्हतं. हॉटेल म्हटलं की त्याला गॅलरी दिसायची, नातेवाइकाचं घर म्हटलं की तिथला उघडा जिना दिसायचा. दर सुट्टीत ‘पुढच्या वर्षी बघू’ ठरायचं.

एके दिवशी निजायच्या वेळी मोठी अंथरुणातून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आईनं विचारलं, “तहान लागली का गं?”

“नाही. गॅस बंद आहे का ते पुन्हा बघते.”

बायकोनं तिला हाताला धरून परत अंथरुणात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याला चहा देताना ती म्हणाली, “तुझी भीती तुझ्यापाशी ठेव म्हणून मी दहा वर्षं सांगतेय. आता ती पोरीला लागलीये.”

“काळजी घेते ती. त्यात वाईट काय?”

“सात वर्षांची आहे ती! तिनं गॅस बघायचा असतो का? ते काही नाही. ह्या सुट्टीत आपण बाहेर पडायचं. हॉटेल नको ना तुला? बरं. आपलंच घर चाकांवर घेऊन जाऊ.”

बालवाडीच्या शेजारी एका चष्मेवाल्याचं दुकान होतं. त्याची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती आणि त्याला त्याची घरगाडी विकायची होती. आत बाक, बाकाचा पलंग, छोटा गॅस, नळ, कपाटं, आणि वर उचललं की कापडी भिंतींची खोली होणारं छप्पर. बायकोनं ती आधीच बघून ठेवली होती. तिला आवडली होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि त्याचं धाबं तिथेच दणाणलं.

गाडी चष्म्याच्या दुकानामागच्या यार्डात उभी होती. ती बघायला तो अंगावर कामाचे कपडे घालून गेला. पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. चष्मेवाला वाकून वाकून दमला.

“बाई, माणसं डोळे तपासायला माझ्याकडे येतात. हे तर माझ्या गाडीचे डोळे, कान, दात सगळंच तपासतायत.”

“काका, अजून जीभ राहिलीये,” बायको म्हणाली.

गाडीखालून आवाज आला, “मागच्या बाकाचे बोल्ट लाकडात आहेत की सांगाड्यात?”

“सांगाड्यात. जाड पट्टी टाकून. माझी दोन्ही पोरं ह्याच बाकावर मोठी झाली.”

तो हात लावून बघत होता. बोल्ट खरोखरच सांगाड्यात होते. बाक पुढे तोंड करून होता, पट्टे खांद्यावरून येणारे होते, मुलांच्या खुर्च्या त्यावर घट्ट बसत होत्या. ब्रेक चांगले. गॅसची नळी नवी. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

“बघा काका,” बायको म्हणाली, “गाडीत काही खोट सापडली नाही म्हणून ह्याचं तोंड उतरलंय.”

चष्मेवाला हसला. “तुम्ही असं करा. गुरुवारी गाडी घेऊन जा. शनिवार-रविवार पोरांना घेऊन राहून बघा. लहान पोरांचं घर असं यार्डात उभं राहून ठरत नाही. रविवारी संध्याकाळी हो की नाही ते सांगा. सोमवारी दुसरं एक गिऱ्हाईक येतंय, त्याला ताटकळत ठेवता येणार नाही.”

गुरुवारी आणि शुक्रवारी कामावरून आला की तो गाडीत शिरायचा. भुंगा पुढे सरपटत जाऊन हँडब्रेक ओढेल, म्हणून त्यानं चालकाच्या जागेमागे प्लायवूडची फळी उभी केली आणि ती पुढच्या बाजूनं चार नटांनी आवळली. खिडक्या सरकवायच्या होत्या. पोर बाहेर लोंबकळेल, म्हणून त्या चार बोटांपेक्षा जास्त उघडू नयेत असे स्क्रू मारले. बाजूच्या सरकत्या दाराला लहान मुलांसाठीची कळ होती. ती खाली केली की दार आतून उघडत नसे. ती त्यानं खाली केली. मागचं दार सायकलींच्या स्टँडमुळे उघडतच नव्हतं.

बायकोनं फळीवर टकटक केली. “मी पुढे बसले तर पोरांपाशी कशी पोचू?”

“तू मागे बस ना, त्यांच्याजवळ.”

“आणि तुझ्याशी बोलायचं कसं?”

“दोनदा वाजव. मी थांबेन.”

“वा! नवरा आहेस का बसचा कंडक्टर?”

शनिवारी सकाळी निघाले. पुढे तो एकटा, मागे तिघं. पहिल्या दहा मिनिटांत फळी तीनदा वाजली. पहिल्यांदा भुंग्याला शू आली म्हणून, दुसऱ्यांदा ती आलीच नव्हती म्हणून, तिसऱ्यांदा मोठीला नुसतं वाजवून बघायचं होतं म्हणून. तो दरवेळी गाडी कडेला घेई, उतरे, दार सरकवे, तिघांची तोंडं बघे आणि मग त्याच्या जिवात जीव येई. मागून येणाऱ्या मोठ्या गाड्या हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारख्या जात. चढणीवर एका वळणाला मागे काहीतरी धाडकन आदळलं आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. थांबून बघतो तो कपाटाचं दार उघडून ताटल्या खाली आल्या होत्या. भुंगा टाळ्या पिटत होता, “पुना! पुना!”

“हसतोय तो,” बायको म्हणाली. “बघ जरा त्याच्याकडे.”

त्यानं बघितलं. पण त्याला पोराचं हसणं दिसलं नाही. ताटली दोन वीत अलीकडे पडली असती तर काय झालं असतं, ते दिसलं. त्यानं कपाटाला दोरी बांधली.

तळ्याकाठी एक मोकळं मैदान होतं. तिथे अशा गाड्या उभ्या करता येत. दूरवर आणखी दोन उभ्या होत्या. मैदानाची मालकीण ही पांढऱ्या केसांची, मोठ्या आवाजाची बाई होती. तिनं जागा दाखवली आणि चाकांमागे दोन दगड ठेवायला सांगितले. त्यानं सहा ठेवले.

दुपारी भुंगा झोपेला आला. बायकोनं दुधाचं पातेलं बारीक गॅसवर ठेवलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, “तू इथे नुसता दारात उभा राहू नकोस, मला घुसमटल्यासारखं होतंय. जा, पाणी किती खोल आहे ते बघून ये. नाहीतर संध्याकाळी पोरांना पायसुद्धा भिजवू देणार नाहीस.”

हे त्याला पटलं. एक लांब काठी शोधून तो निघाला. निघताना त्यानं दार ओढून घेतलं, बाहेरच्या कडीला चष्मेवाल्यानं गाडीसोबत दिलेलं कुलूप अडकवलं, दाबलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. हे त्यानं ठरवून केलं नाही. त्याच्या हातांनी केलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी मेन स्विच पाडायचा, त्याच्या पेटीला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. कुणी मध्येच येऊन स्विच चालू करू नये म्हणून. पहिल्या दिवशी उस्तादानं हे शिकवताना त्याच्या कानाखाली एक वाजवली होती, कायमचं लक्षात राहावं म्हणून. तेव्हापासून बावीस वर्षं, कुठलंही काम सुरू करण्याआधी हात आपसूक कुलपाकडे जात.

तळं उथळ होतं. तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून काठाकाठानं काठी रोवत चालला. इथे घोट्याइतकं, इथे गुडघ्याच्या खाली, इथे एकदम खोल, इथे नको. मोठीला कुठपर्यंत जाऊ द्यायचं, त्याच्या खुणा म्हणून तो काठावर दगड मांडत होता. वारा तळ्याकडून मैदानाकडे वाहत होता. त्यामुळे गाडीकडचं काही ऐकू येत नव्हतं. वीसएक मिनिटं गेली असतील. कंबर अवघडली म्हणून तो सरळ झाला आणि सहज मागे वळून बघितलं.

गाडीचं छप्पर वर उचललेलं होतं.

त्याच्या डोक्यात तिडीक उठली. छप्पर कुणी उघडलं? वरच्या पलंगावर भुंगा चढला असेल आणि बाई खाली पेंगत असेल! तो काठी टाकून निघाला. आज चांगलं खडसावायचं, काय काय बोलायचं ते जुळवत निघाला. अर्ध्या वाटेत त्याला दिसलं की छपराच्या कापडाची चेन उघडी आहे आणि त्यातून मोठीचं डोकं आणि दोन हात बाहेर आले आहेत. ती हात हलवत होती. खेळताना पोरं हलवतात, तसे नाही.

आणि मैदानाची मालकीण दोन्ही हातांनी दाराचं कुलूप हिसकत होती.

तो धावला. बोलायचं ठरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. पाय चिखलानं माखलेले, दोनदा घसरला.

“किल्ली!” मालकीण ओरडली. “किल्ली कुणाकडे आहे? आत गॅसचा वास येतोय!”

त्यानं खिशात हात घातला. किल्ली होती. पण ती कुलपात जाईना. अडकलेल्या लिफ्टमधून त्यानं आजवर किती माणसं काढली असतील, त्याची गणती नव्हती. कुणी रडत असे, कुणी आतून शिव्या घालत असे, पण त्याचे हात कधी हलले नव्हते. आज मात्र किल्ली कुलपाच्या तोंडावरून घसरत होती आणि आतून भुंग्याचा खोकला ऐकू येत होता.

“द्या इकडे!” मालकिणीनं किल्ली त्याच्या हातातून ओढून घेतली आणि कुलूप उघडलं.

दार सरकलं तसा वास अंगावर आला. बायको आत उभी होती. नाकाला ओला टॉवेल बांधलेला, भुंग्याला तिनं डोक्याच्याही वर, छपराच्या उघड्या चेनीजवळ धरून ठेवलं होतं. किती वेळ धरलं होतं कोण जाणे. तिचे हात खाली येईनात. त्यानं पोराला घेतलं तेव्हा ते तसेच वर राहिले.

झालं होतं ते एवढंच. भुंग्याचे कपडे बदलता बदलता दूध उतू गेलं, गॅस विझला आणि वास येईपर्यंत बराच पसरला. तिनं आधी बटण बंद केलं, मग सिलिंडर. मग दार उघडायला गेली. ते उघडेना. खिडकी चार बोटं सरकली आणि अडली. फळीवर तिनं दोनदा ठोकलं, मग दहादा, मग लाथा घातल्या. पुढे कुणी नव्हतंच. शेवटी तिला छपराची आठवण झाली. तिनं मोठीला वर चढवलं, चेन उघडून हाक मारायला सांगितलं. वारा उलटा होता. हाक तळ्याकडे गेली नाही, मालकिणीकडे गेली.

पोरांना काही झालं नव्हतं. भुंगा गवतात बसून थोडा ओकला आणि मग मुंगीच्या मागे लागला.

मालकिणीनं पाणी आणून दिलं आणि त्याला म्हणाली, “चोरांची एवढी भीती वाटते?”

“चोरांची नाही,” तो म्हणाला.

“मग कुणाची हो?”

तो वाकून भुंग्याचं तोंड पुसू लागला. ती मान हलवत गेली.

बायको गवतात पाय पसरून बसली होती. ती ओरडेल, निदान टोमणा मारेल, म्हणून तो वाट बघत होता. ती ओरडली नाही. तिची पावलं नुसती हलत होती, आपोआप. “मी आतमध्ये ओरडले नाही,” ती म्हणाली. “पोरं घाबरतील म्हणून. पण मला वाटलं, संपलं.” थोड्या वेळानं म्हणाली, “परत जाऊ या. नको ही गाडी. माझंच चुकलं.”

हे वाक्य ऐकायला तो इतके दिवस आसुसलेला होता. आता ते ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ही बाई भीत नाही, ह्या भरवशावर तो आजवर खुशाल भीत आला होता. आता तीच भ्याली तर घरात उरलं कोण?

तेवढ्यात मोठी जवळ आली. गाडीकडे ती असं बघत होती, जणू गाडीनंच तिला चावा घेतला होता. हळूच म्हणाली, “बाबा, कुलूप तू लावलंस?”

“हो.”

“का?”

तो उत्तर जुळवू लागला आणि तिथेच त्याला ते कळलं. खड्ड्यात उतरताना किल्ली ज्याच्या खिशात असते, तो माणूस आत असतो. ज्याचा जीव धोक्यात, किल्ली त्याच्यापाशी. उस्तादानं हेच शिकवलं होतं, फक्त इतक्या शब्दांत सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरज कुणाला वाटली असती? बावीस वर्षं तो स्वतःच आत असायचा. आज आत ही तिघं होती आणि किल्ली घेऊन तो बाहेर गेला होता.

“चुकलं माझं,” तो मुलीला म्हणाला. “गाडीनं काही केलं नाही. दार मी बंद केलं, खिडक्या मी अडवल्या, फळी मी ठोकली. सगळं मी केलं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाबा चुकतो, हे तिला नवीन होतं.

निघण्याआधी निदान फळी तरी काढू, म्हणून त्यानं हत्यारांची पेटी उघडली. स्क्रूंचा डबा रिकामा होता. रिकामा डबा हातात धरून तो गाडीच्या पायरीवर मटकन बसला. शुक्रवारी संध्याकाळी छपरालाही तो स्क्रू मारणार होता. मोठी वर चढून चेन उघडेल आणि पडेल, ह्या भीतीनं. जागाही आखली होती, पेन्सिलच्या चार खुणा अजून तिथे होत्या. स्क्रू संपले आणि दुकान बंद झालं होतं, एवढंच. हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. त्या दिवशी तर नाहीच.

मग तो उठला. फळी काढली. खिडक्यांचे स्क्रू काढले. दाराची कळ वर केली. आणि मग स्वतः आत जाऊन बसला.

“दार लाव,” तो बायकोला म्हणाला. “बाहेरून.”

“मी नाही लावणार.”

“लाव. मला बघू दे.”

तिनं लावलं. आत दुधाचा करपट वास होता, काचेतून बायकोचा चेहरा दिसत होता, आणि क्षणभर त्याला वाटलं की हे दार आता उघडणारच नाही. कडी ओढली. दार सरकलं. मग खिडक्या. मग पुढे जाऊन पुढची दोन्ही दारं. एकेक करून त्यानं सगळं आतून उघडलं. मोठी पायरीशी येऊन उभी राहिली. “मी पण करू?”

बायको पटकन म्हणाली, “नको!”

तो खाली उतरून बाजूला झाला. मोठीनं आईकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि आत चढली. तिनं दार लावलं. बाहेर दोघंही श्वास धरून उभी. मग कडी वाजली, दार अर्ध्यावर अडलं, तिनं दोन्ही हातांनी रेटलं आणि ते उघडलं.

“जड आहे,” ती म्हणाली. “पण उघडतं.”

ती पुन्हा आत गेली नाही. पुन्हा बघते, असंही म्हणाली नाही. भुंग्याच्या मुंगीकडे गेली.

त्या दिवशी ते परतले नाहीत. कुणी तसं ठरवलं नाही, सामान आवरायला कुणी उठलंच नाही. रात्री दार उघडंच राहिलं. किल्ली बायकोनं आपल्या उशीखाली ठेवली. तो काही झोपला नाही. रविवारी सकाळी मुलांनी तळ्यात पाय बुडवले. बायको काठावर उभी राहून दर मिनिटाला हाक मारत होती, “फार पुढे जाऊ नका रे!” हा आवाज त्याला ओळखीचा वाटला. तो त्याचाच होता, फक्त तिच्या तोंडून येत होता.

परतताना ती पुढे, त्याच्या शेजारी बसली. मागे दोघं पोरं पट्ट्यात, मध्ये फळी नाही. गाडी चालू असताना दाराची कळ खाली, थांबली की वर, आणि जो आत असेल त्याच्याकडे किल्ली, एवढं बोलून झालं होतं. गाडी घ्यायची की नाही, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

यार्डापाशी आल्यावर तो म्हणाला, “काय सांगू त्यांना?”

“मला विचारू नकोस,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर घाबरून सांगेन. ते तू आजवर करत आलास, मला जमणार नाही.”

“मग मी कसं सांगायचं? मला तर कालपेक्षा जास्त भीती वाटतेय.”

“ठाऊक आहे.”

चष्मेवाला बाहेर आला. चष्मा कपाळावर चढवून त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. खिडक्यांजवळची स्क्रूंची भोकं बोटानं चाचपली. “मग? कशी आहे गाडी? लहान पोरांना जमेल?”

नाही म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द बोलला की झालं असतं. गॅस गळतो म्हटलं असतं तरी कुणी हटकलं नसतं. मोठी खिडकीत नाक लावून ऐकत होती.

“गाडी चांगली आहे,” तो म्हणाला. “काल आत पोरं अडकली होती. ते माझ्यामुळे. गाडीत दोष नाही.”

“बरं. मग?”

तो काहीतरी म्हणाला, पण इतकं हळू की त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

चष्मेवाला पुढे वाकला. “काय म्हणालात?”

“घेतो म्हणाला तो,” बायको म्हणाली. तिचा आवाजही काही फार मोठा नव्हता.